ताप नाही, म्हणून निर्धास्त राहू नका!

"आईला दोन दिवस बरं वाटत नाहीये, पण ताप नाही, त्यामुळे काळजी नाही." घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा मेसेज तुम्हीही कधीतरी वाचला असेल. मूल तापलं की आपण डॉक्टरांकडे धावतो आणि ताप उतरला की सुटकेचा श्वास टाकतो. लहानपणापासून आपल्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो. ताप म्हणजे आजार आणि ताप नाही म्हणजे सगळं ठीक.

पंचविशीतल्या माणसाला हा हिशेब बराचसा लागू पडतो. सत्तरीतल्या माणसाच्या बाबतीत मात्र तो फसवू शकतो. गंभीर संसर्ग झालेल्या ज्येष्ठांपैकी साधारण 20 ते 30 टक्के जणांना ताप येतच नाही किंवा अगदी किरकोळ येतो. छातीत न्यूमोनिया असतो आणि थर्मामीटर मात्र 98 दाखवत असतो. घरचे म्हणतात, "वय झालंय, थकवा असेल." यात जे दोन-तीन दिवस जातात, तेच बऱ्याचदा महागात पडतात.

असं का होतं? त्यासाठी वय वाढतं तसं आपल्या रोगप्रतिकारक पेशींचं काय होतं, हे समजून घ्यायला हवं. एकदा ते कळलं की घरातल्या ज्येष्ठांकडे बघण्याची आपली नजरच बदलते.

शरीरातली दोन पथकं

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ढोबळमानाने दोन पथकांत काम करतात. पहिलं पथक म्हणजे गस्तीचे शिपाई. समोर दिसेल त्या जंतूवर ते तुटून पडतात. यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सर्वात जास्त संख्येने असतात. त्यांचं आयुष्य साधारण दिवसभराचं, त्यामुळे हाडांतला मगज म्हणजेच बोन मॅरो रोज सुमारे 10 हजार कोटी नव्या न्यूट्रोफिल तयार करतो.

दुसरं पथक तपास करणाऱ्या हुशार पोलिसांचं. यात टी-पेशी आणि बी-पेशी येतात. बी-पेशी अँटिबॉडी तयार करतात. टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशी हुडकून मारतात आणि बाकीच्यांना हुकूम देतात. या पथकाची खासियत म्हणजे त्यांची आठवण. एकदा गाठ पडलेला जंतू ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. लस काम करते ती याच आठवणीच्या जोरावर.

वय वाढल्यावर दोन्ही पथकं बदलतात, पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो टी-पेशींमध्ये.

शाळाच बंद पडते

टी-पेशी जन्मतात बोन मॅरोमध्ये, पण त्यांचं शिक्षण होतं छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस या छोट्याशा ग्रंथीत. टी-पेशीतला 'टी' याच थायमसचा. ही शाळा फार कडक आहे. इथे आलेल्या बहुतेक पेशी नापास होतात आणि तिथेच मरतात. ज्या परक्या जंतूला ओळखतात पण आपल्याच शरीरावर हल्ला करत नाहीत, अशा मोजक्याच पेशी पास होऊन बाहेर पडतात.

गंमत म्हणजे 1961 पर्यंत ही ग्रंथी बिनकामाची आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानत होते. लंडनमध्ये काम करणाऱ्या जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली आणि त्या उंदरांना संसर्गाशी लढताच येईना. तेव्हा या ग्रंथीची खरी किंमत कळली.

मराठीत थायमसला शास्त्रीय नाव आहे 'यौवनलोपी ग्रंथी'. यौवनात लोप पावणारी. नावातच सगळं आलं. ही ग्रंथी लहानपणी जोमात असते, वयात आल्यावर झपाट्याने आकसू लागते आणि तिची जागा हळूहळू चरबी घेते. साठीपर्यंत तिथे काम करणारा भाग फारच थोडा उरतो.

याचा अर्थ असा की, म्हातारपणी टी-पेशी संपत नाहीत, पण नव्याने शिकून येणाऱ्या कोऱ्या पेशींची भरती जवळजवळ थांबते. आधीच्या पेशी स्वतःच्या प्रती काढून संख्या टिकवतात. म्हणजे पोलीस ठाणं भरलेलं दिसतं, पण सगळे जुने हवालदार. जुने गुन्हेगार त्यांना तोंडपाठ, नवा चेहरा आला की मात्र गोंधळ.

कोविडच्या काळात आपण हेच पाहिलं. तो व्हायरस सगळ्यांनाच नवीन होता. ज्यांच्याकडे कोऱ्या पेशी भरपूर होत्या त्या मुलांनी आणि तरुणांनी तो बऱ्यापैकी पेलला, ज्येष्ठांना मात्र सर्वात मोठा फटका बसला. यामागे मधुमेह, हृदयविकार अशी इतरही कारणं होती, पण टी-पेशींची थांबलेली भरती हे त्यातलं महत्त्वाचं कारण. म्हणूनच आपल्याकडे 1 मार्च 2021 पासून सर्वसामान्यांचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा साठीच्या पुढच्यांचा नंबर पहिल्या फळीत लागला.

बारीक आचेवर सतत काहीतरी जळतंय

आता पहिल्या पथकाकडे वळू. वयस्कर माणसाच्या रक्त तपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा नॉर्मल येऊ शकतो, कारण न्यूट्रोफिलची संख्या फारशी घटत नाही. बिघडतं ते त्यांचं कसब. तरुण शरीरातली न्यूट्रोफिल पेशी संसर्गाच्या जागी जवळपास सरळ रेषेत पोहोचते. म्हाताऱ्या शरीरातली पेशी वाट चुकत, रेंगाळत जाते आणि जाताना वाटेतल्या निरोगी भागालाही इजा करते.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. काही कारण नसतानाही शरीरात सौम्य दाह सतत चालू राहतो. इटलीतले शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 साली या प्रकाराला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. चुलीत निखारे सतत धुमसत राहावेत, तसं हे. हृदयविकार, मधुमेह, सांध्यांची झीज, स्मृतिभ्रंश अशा उतारवयातल्या अनेक आजारांशी या धुमसण्याचा संबंध आढळला आहे.

पण खरा जंतू आला की, याच चुलीतून मोठा जाळ मात्र निघत नाही. आणि इथेच तापाचं उत्तर आहे. ताप जंतूमुळे थेट येत नाही. जंतू दिसल्यावर आपल्याच प्रतिकारक पेशी काही रसायनं सोडतात, ती मेंदूला 'तापमान वाढव' असा निरोप देतात आणि मग हुडहुडी भरून अंग तापतं. उतारवयात तो निरोप क्षीण होतो, मेंदूचा प्रतिसाद मंदावतो आणि अंग तापवायला लागणारे स्नायूही कमी झालेले असतात. चोर घरात शिरलेला असतो, पण घंटा वाजत नाही. त्यातच गुडघेदुखीसाठी रोज पॅरासिटामॉल किंवा इतर कारणासाठी स्टेरॉइड चालू असेल, तर उरलासुरला तापही दबून जातो.

मग ओळखायचं कसं?

ताप नसला तरी शरीर वेगळ्या खुणा देतं. ज्येष्ठांमध्ये पुढीलपैकी काहीही अचानक, म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला :

• अचानक गोंधळणं, असंबद्ध बोलणं, दिवसा सतत झोपून राहणं. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने हळूहळू वाढतो. कालपर्यंत पेपर वाचणारे आजोबा आज वार विसरत असतील, तर तो 'वयाचा परिणाम' समजू नका.
• काही कारण नसताना तोल जाणं, पडणं, खुर्चीतून उठता न येणं.
• जेवण-पाणी अचानक कमी होणं, लघवी कमी होणं किंवा कपड्यात होणं.
• शांत बसलेले असतानाही श्वास जोरात चालणं. पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 12 ते 20 हे साधारण प्रमाण. 24 च्या वर जात असतील, तर थांबू नका.
• ऑक्सिमीटरवर नेहमीपेक्षा आकडा उतरणं, विशेषतः 94 च्या खाली.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, वजन उतरणं. तरुणपणी शरीरात शिरून गप्प बसलेला टीबीचा जंतू उतारवयात पहारा सैल झाला की पुन्हा डोकं वर काढू शकतो.

अशा वेळी घरात उरलेल्या जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करू नका. गोंधळण्यामागे संसर्ग असेल, तसंच शरीरातलं सोडियम कमी होणं, साखर उतरणं, नव्या औषधाचा परिणाम किंवा पक्षाघातही असू शकतो. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही दिसलं, तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणखी एक सोपी युक्ती. आई-बाबा ठणठणीत असतानाच त्यांचं तापमान चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा. अनेक ज्येष्ठांचं नेहमीचं तापमानच कमी असतं. समजा, ते 97 आहे आणि आज थर्मामीटर 99 दाखवतोय. तुम्ही म्हणाल, हा काय ताप झाला? पण त्यांच्या नेहमीच्या तापमानापेक्षा 2 अंश फॅरनहाइटची वाढ म्हणजे त्यांच्यासाठी तापच समजायचा.

तुम्ही लांब राहत असाल तर

आपल्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा नागपूर, सांगली किंवा इंदूरला आणि आपण नोकरीसाठी बेंगळुरू, हैदराबाद नाहीतर गुरुग्रामला. तब्येतीची चौकशी फोनवरच होते. "ताप आहे का?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर मिळतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, "आज काय जेवलीस? अंघोळ स्वतः केलीत का? काल रात्री कितीदा उठलात?" शक्य असेल तर व्हिडिओ कॉल करा. बोलताना धाप लागतेय का, चेहरा मलूल आहे का, हे दिसतं. शेजारच्या काकूंचा नंबर जवळ ठेवा आणि त्यांनाही या खुणा सांगून ठेवा.

नागीण सांगते एक आशेची गोष्ट

जुन्या पेशींचा पहारा सैल झाला की काय होतं, याचं अगदी ओळखीचं उदाहरण म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्याचा व्हायरस शरीरातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी तो झोपून राहतो. टी-पेशी त्याच्यावर चाळीस-पन्नास वर्षं नजर ठेवतात. त्या थकल्या की व्हायरस जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून फोडांचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला उठतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. तिला काही आधार नाही. पण काव लावण्यात आणि मंत्र घालून घेण्यात जो वेळ जातो, त्याने नुकसान नक्की होतं. व्हायरसविरोधी औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं, तर ते सर्वात चांगलं काम करतं. उशीर झाला तर फोड सुकतात, पण आग आणि ठणका कित्येक महिने राहू शकतो. डोळ्याजवळ किंवा कपाळावर फोड आले, तर एक दिवसही थांबू नका.

आता आशेची गोष्ट. नागिणीवरच्या जुन्या लसीचे निष्कर्ष 2005 मध्ये आले, तेव्हा सत्तरीपुढच्या लोकांमध्ये ती फक्त 38 टक्के परिणामकारक ठरली. म्हाताऱ्या पेशी आता काही शिकणार नाहीत, असंच वाटावं. मग नवी लस आली. तिच्यात व्हायरसचं एकच प्रथिन आहे आणि जोडीला पेशींना खडबडून जागं करणारं मिश्रण. त्यातला एक घटक चिली देशातल्या एका झाडाच्या सालीपासून मिळतो. 2016 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत सत्तरीपुढच्याच लोकांमध्ये ही लस सुमारे 90 टक्के परिणामकारक ठरली. वय तेच, पेशीही तशाच, फक्त शिकवण्याची पद्धत बदलली. 2023 पासून ही लस भारतातही मिळते. पन्नाशीनंतर तिचे दोन डोस घेतात. ती महाग आहे, त्यामुळे घरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सरकारी मोफत लसीकरण मुख्यतः मुलं आणि गर्भवतींसाठी असतं. त्यामुळे ज्येष्ठांच्या लसींची आठवण आपल्याला कोणी करून देत नाही, ती आपणच ठेवायची. डॉक्टरांना या दोन लसींबद्दलही विचारा. एक फ्लूची, जी दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे बहुतेक भागांत पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. काश्मीरसारख्या भागात राहत असाल तर हिवाळ्याआधी. दुसरी न्यूमोकोकस जंतूची, जी न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणापासून बचाव करते.

आणि हो, तुमची स्वतःची लस विसरू नका. आजोबांच्या पेशी लस घेऊनही कमी शिकतात, पण नातवाच्या पेशी भराभर शिकतात. जपानमध्ये 1962 पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जाऊ लागली. 1994 मध्ये ही मोहीम थांबली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की, या मोहिमेमुळे दरवर्षी 37 हजार ते 49 हजार मृत्यू टळत होते आणि त्यातले बहुतेक ज्येष्ठांचे होते. घरात आजारच शिरला नाही, तर आजीच्या थकलेल्या पेशींना लढावंच लागत नाही. म्हणून सर्दी-खोकला असेल तेव्हा आजीच्या खोलीत जाताना मास्क लावण्यात लाज कसली?

रोजच्या जगण्यात काय करता येईल?

'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेला डबा घेण्याआधी एक विचार करा. ज्या शरीरात आधीच निखारे धुमसताहेत, तिथे सगळंच 'बूस्ट' करून काय साधणार? मधुमेह असेल तर अशा अनेक डब्यांतली साखरच उलट त्रास देते. त्यापेक्षा हे करा :

• स्नायू टिकवा. ब्रिटनमध्ये 2018 साली 55 ते 79 वयाच्या, वर्षानुवर्षं नियमित सायकल चालवणाऱ्या 125 जणांचा अभ्यास झाला. त्यांच्या थायमसमधून नव्या टी-पेशी जवळपास तरुणांइतक्याच बाहेर पडत होत्या. असे लोक मुळातच निरोगी असतात, हे खरं. तरी रोजचं अर्धा तास चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता दहादा उठ-बस करणं कुणालाही नुकसान करत नाही.
• प्रथिनं वाढवा. चहा-बिस्किट आणि पातळ खिचडीवर पेशी तयार होत नाहीत. ज्येष्ठांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात किंवा कपभर दुधात साधारण 6 ग्रॅम असतात. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, मासे यांनी ते भरून काढा. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.
• साखर ताब्यात ठेवा. रक्तातली साखर वाढलेली असली की, न्यूट्रोफिलचं कसब आणखी मंदावतं.
• हिरड्या सांभाळा. सुजलेल्या हिरड्या म्हणजे रोज धुमसणारा निखारा. तंबाखू आणि मिश्री सोडा, दंतवैद्याकडे वर्षातून एकदा तरी जा.
• झोप आणि गप्पा. अपुरी झोप आणि एकटेपणा यांचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो. रोजचा दहा मिनिटांचा फोन हेही औषधच समजा.

आपल्या ज्येष्ठांच्या पेशी दुबळ्या आहेत, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. साठ-सत्तर वर्षं देवी, गोवर, मलेरिया, फ्लूच्या साथी पाहिलेल्या पेशी आहेत त्या. त्यांना ओरडून मदत मागता येत नाही, एवढंच. तेव्हा त्यांच्या वतीने लक्ष ठेवायचं काम आपलं. या रविवारी घरातला थर्मामीटर शोधा, त्याची बॅटरी चालू आहे का बघा आणि एका वहीत आई-बाबांचं नेहमीचं तापमान, ऑक्सिमीटरचा आकडा, चालू औषधं आणि घेतलेल्या लसींच्या तारखा लिहून ठेवा. वेळ आली तर डॉक्टर आधी हेच विचारतात.